कोरड्या दिवसाचं शून्य



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण या व्याख्यानमालेत जमलो आहोत, त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो भूगोलात नापास होऊन. "सुट्टीत येत जा," म्हणाले, म्हणून गेलो. अंगणात, झाडापासून आणि भिंतीपासून चांगलं लांब, जमिनीत अर्धवट पुरलेलं पत्र्याचं नळकांडं होतं आणि त्यावर पितळी काठाचं नरसाळं. मी वाकून बघायला लागलो तोच आतून आवाज आला, "हात लावायचा नाही त्याला."

मग त्यांनी वही दाखवली. एप्रिल चालू होता. डावीकडे तारखा आणि प्रत्येक तारखेसमोर शून्य. पानभर शून्यं. मला हसू आलं. म्हटलं, "गुरुजी, उन्हाळ्यात पाऊस नसतोच. मग रोज लिहायचं कशाला?"

"नव्हता हे तुला कसं कळलं?"

"आठवतंय की."

"मागच्या वर्षीच्या बारा एप्रिलचं सांग बघू."

मी गप्प. ते म्हणाले, "मोकळी जागा सोडली म्हणजे मी गावाला गेलो होतो. शून्य लिहिलं म्हणजे मी डबा उघडून बघितला." मला आठवतो तो भूगोलाचा पहिला धडा हाच. बाकीचा भूगोल त्या वर्षी मी पाठ करून काढला.

आज बोलायचं आहे ते अशा हौशी माणसांबद्दल. हवामानखात्यात नोकरी नाही, पदवी नाही, कुणी विचारत नाही, तरी रोज आकाश बघून दोन ओळी लिहिणारी माणसं. सोलापुरात अशी माणसं असणं हाच अनेकांना विनोद वाटतो. इथं पाऊस आहे कुठं मोजायला? पण ज्याच्या खिशात कमी पैसे असतात तोच ते पुन्हा पुन्हा मोजतो. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत बसलेलो. जून-जुलैचे ढग घाटावर रिकामे होऊन आपल्याकडे नुसतेच वाऱ्यावर पळत येतात. आपला खरा पाऊस परतीचा. सोलापूरचा सर्वांत ओला महिना जुलै नाही, सप्टेंबर आहे. उत्तरा संपता संपता, हस्त आणि चित्रा या नक्षत्रांत जे पडेल त्यावर मंगळवेढ्याची ज्वारी उभी राहते. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेलं मालदांडी वाण देशभर गेलं, त्याचंही मर्म हेच: परतीच्या पावसाची जमिनीत मुरलेली ओल पुरवून पुरवून खायची आणि वर थेंब न पडता कणीस भरायचं. कोरडवाहू शेतीचं संशोधन सोलापुरात 1933 सालापासून चाललं आहे, ते काही कुणाची लहर म्हणून नाही.

आपल्या बायाबापड्यांना हे पंचांगाशिवाय ठाऊक होतं. सूर्य हस्तात गेला की पाटावर हत्ती काढून मुली त्याच्याभोवती हादगा खेळायच्या. हस्ताच्या पावसाला आपल्याकडे हत्तीचा पाऊस म्हणतात. पुनर्वसूचा तरणा, पुष्याचा म्हातारा, मघेचा सासूंचा, पूर्वेचा सुनांचा. पावसाला वय आणि नाती देणारी ही भाषा हवामानाच्या कुठल्याही पुस्तकात मला दिसली नाही. डाळिंबवाले आजही "हस्त बहार धरला" म्हणतात, तेव्हा ते नक्षत्राच्याच भाषेत बोलत असतात.

अंदाजाचीही आपल्याला जुनी आवड. सिद्धेश्वरांच्या यात्रेत होमविधी झाला की वासराची भाकणूक होते. वासरू कधी बिथरलं, कशाला तोंड लावलं, मलमूत्र केलं का, यावरून वर्षाचा पाऊस आणि बाजारभाव सांगतात. मी लहानपणापासून ऐकतो. थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. मलाही ते ऐकायला आवडतं. माझी तक्रार एवढीच की जानेवारीत काय सांगितलं हे सगळ्यांना पाठ असतं, आणि डिसेंबरात वही उघडून ते कुणी पडताळत नाही. आज मोबाइलवर येणाऱ्या अंदाजांचंही तेच झालं आहे. परभणी जिल्ह्यातले पंजाबराव डख शेतकऱ्याच्या बोलीत अंदाज सांगतात, गावंच्या गावं ऐकतात. का ऐकतात हे मला पूर्ण समजतं. "विखुरलेल्या स्वरूपात मध्यम पाऊस" या हवामानखात्याच्या वाक्यावर कुणाला सोयाबीन काढायचं की ठेवायचं हे ठरवता येत नाही. पण अंदाज कुणाचाही असो, पुण्याचा, परभणीचा की वासराचा, त्याचा खरेखोटेपणा शेवटी एका डब्यातल्या पाण्यावर ठरतो.

आता ऑक्टोबर 2020 कडे येतो. करोनाचे दिवस, माणसं घरात. आमची पाच-सहा जणांची मंडळी होती, आजही आहे. एक निवृत्त बँक कर्मचारी, पूर्व भागातले एक यंत्रमागवाले, बार्शी तालुक्यातला माझा मावसभाऊ, एक एस.टी. वाहक. वाहकाला आम्ही फिरतं पर्जन्यमापक म्हणतो. अक्कलकोट रस्ता कुठपर्यंत ओला होता आणि कुठून कोरडा, हे त्याच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही. ढगाच्या कडेची रेघ त्याच्या गाडीच्या चाकाखालून गेलेली असते.

महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र ठळक झालं. त्याचं खोल अवदाब क्षेत्र होऊन ते 13 ला सकाळी काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढलं आणि तेलंगणातून सरळ आपल्या दिशेनं निघालं. एरवी ही प्रकरणं आपल्यापर्यंत येईतो दमलेली असतात. मी दुपारी चारला फोनमधला वायुदाब बघितला, उतरलेला होता, आणि उत्साहानं सगळ्यांना कळवलं. बँकवाल्यांनी शांतपणे विचारलं, "काल चारला किती होता?" मी काल बघितलाच नव्हता. आपल्या पट्ट्यात वायुदाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. वादळ असो नसो, हा श्वास चालूच असतो. म्हणजे आजच्या चारची तुलना कालच्या चारशी करायची, आजच्या दहाशी नाही. हे न कळल्यामुळे नवशिक्याला रोज दुपारी वादळ येताना दिसतं. मला तर त्या दिवशीही दिसलं, आणि मी काही नवशिका नव्हतो.

पण त्या रात्री पहिली पक्की बातमी उपग्रहाच्या चित्रातून आली नाही. ती यंत्रमागवाल्यांच्या फोनवर आली. त्यांचे सोयरे हैदराबादेत. घरात पाणी शिरलंय, पलंगावर सामान ठेवून बसलोय, असं सांगणारा फोन. हैदराबादला 14 च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत 19 सेंटीमीटरच्या वर पाऊस झाला. ऑक्टोबर महिन्यातला तिथला शंभर वर्षांहून जुना उच्चांक मोडला. आपल्या पूर्व भागातली पद्मशाली घरं तेलंगणातून पिढ्यांपूर्वी ज्या वाटेनं आली, ते अवदाब क्षेत्र त्याच वाटेनं येत होतं, आणि वाटेवरचा प्रत्येक पाहुणा आमच्यासाठी निरीक्षक झाला होता. यंत्रमागवाल्यांनी रातोरात बांबूवर वाळत घातलेलं रंगीत सूत आत घेतलं. हवामानशास्त्रात याला काय म्हणतात मला माहीत नाही. सोलापुरात त्याला सोयरीक म्हणतात.

14 ला सकाळपासून ईशान्येचा वारा होता आणि पाऊस आडवा पडत होता. वाहत्या वाऱ्याकडे पाठ करून उभं राहावं, आपल्या गोलार्धात कमी दाबाचं केंद्र साधारण डाव्या हाताला असतं. हा डच शास्त्रज्ञ बाइस-बॅलटचा नियम, दीडशे वर्षांहून जुना. गच्चीवर रेनकोट घालून मी पाठ करून उभा राहिलो. डावा हात आग्नेयेकडे, कलबुर्गीच्या बाजूला. बायकोनं खालून विचारलं, काय चाललंय? डावा हात खाली घेऊन मी उतरलो.

एक गोष्ट जवळून सांगतो, कारण ती पुस्तकात एका ओळीत असते. वाऱ्याचा पाऊस मापकात पूर्ण पडत नाही. नरसाळ्याच्या काठाला वारा आपटून वर उचलला जातो आणि बारीक थेंब बरोबर घेऊन जातो. म्हणून मापक गच्चीवर ठेवायचं नाही. जमिनीवर, काठ जमिनीपासून 30 सेंटीमीटर उंच आणि आजूबाजूच्या भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. गुरुजींचं नळकांडं झाडाभिंतीपासून लांब का होतं हे मला त्या दिवशी कळलं. 15 ला सकाळी साडेआठला मी मोजनळी पुन्हा पुन्हा भरून ओतत होतो आणि दर वेळी वहीवर एक रेघ मारत होतो, कारण मोजताना आकडा विसरणं सगळ्यात सोपं असतं. छत्री धरायला शेजारचा मुलगा होता. त्याची छत्री उलटली. आम्ही दोघंही भिजलो, वही मात्र पिशवीत होती.

बाहेर काय चाललं होतं ते तुम्ही पाहिलं आहे. उजनी आधीच तुडुंब. वर पडलेला प्रत्येक थेंब खाली सोडावा लागत होता आणि नीरा तिचं वेगळं पाणी घेऊन नरसिंगपूरला भीमेला मिळत होती. पंढरपुरात 14 ला कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जण गेले. अक्कलकोटात बोरी फुगली. ते अवदाब क्षेत्र आपल्यावरून पुढं जाऊन अरबी समुद्रात उतरलं आणि तिथं पुन्हा जोर धरला. त्या वर्षी मोसमी पाऊस देशातून निघाला तो 28 ऑक्टोबरला. एरवीची तारीख 15.

आणि माझी चूक. 9 तारखेला बार्शीच्या मावसभावाचा फोन आला होता. "दादा, सोयाबीन काढू का? उघडीप दिसतीय." दोन दिवस ऊन चांगलं होतं, मी म्हटलं काढ. त्यानं काढलं, गंजी लावली, मळणीयंत्र मिळालं नाही. ताडपत्री होती ती वाऱ्यानं फाडली. चौथ्या दिवशी शेंगेतच कोंब. तो मला एका शब्दानं बोलला नाही, नुसता कोंब आलेल्या शेंगेचा फोटो पाठवला. मी तो पुसलेला नाही. आठवड्याभरानं त्यानंच सांगितलं की शेजारच्या रानात ज्वारीला असा वापसा दहा वर्षांत आला नव्हता. एकच पाऊस, बांधाच्या या बाजूला मातेरं आणि त्या बाजूला पेरणी. तेव्हापासून मी अंदाज देत नाही. कुणी विचारलं तर मागच्या तीस वर्षांत या तारखेला किती वेळा पाऊस झाला ते वही बघून सांगतो. ठरवायचं त्यानं.

माझं आजचं मुख्य म्हणणं या चुकीतून आलं आहे. हौशी माणसाचं काम अंदाज सांगणं नाही, नोंद ठेवणं आहे.

इंग्लंडातली एक जोडी आठवते. ज्या बीगल जहाजावरून डार्विन जग फिरला त्या जहाजाचा कप्तान फिट्झरॉय. पुढे तो सरकारी हवामान कार्यालयाचा प्रमुख झाला आणि 1861 साली त्यानं वर्तमानपत्रातून रोजचा अंदाज द्यायला सुरुवात केली. जगातली ही अशी पहिलीच सुरुवात. अंदाज चुकले की लोक हसायचे, विद्वान तुटून पडायचे. 1865 साली त्यानं आत्महत्या केली आणि पाठोपाठ अंदाजही काही वर्षं बंद पडले. त्याच कार्यालयात जॉर्ज साइमन्स नावाचा विशीतला कारकून होता. त्याला एकच वेड: पाऊस मोजणं. 1860 पासून त्यानं धर्मगुरू, माळी, शिक्षक, जमीनदार, कुणालाही पत्रं लिहून रोजचा पाऊस मोजायला लावलं. पगार नाही, भत्ता नाही. नोकरी सोडली पण हे सोडलं नाही. 1900 साली तो गेला तेव्हा त्याच्या यादीत तीन हजारांहून जास्त हौशी निरीक्षक होते. आपल्या तहसील कचेरीच्या आवारातलं पाच इंची तोंडाचं ते नळकांडं साइमन्सच्याच नावाचं. हौशी लोकांच्या त्या म्होरक्याचं नाव आपल्या प्रत्येक तालुक्यात उभं आहे आणि आपण त्यावर ओला टॉवेल वाळत घातलेलाही मी पाहिला आहे. कचेरीचं नाव सांगत नाही.

फिट्झरॉयला मी कमी लेखत नाही. आज किनाऱ्यावरची लाखो माणसं वादळाआधी हलवता येतात ती त्याच्याच वाटेनं. पण ते काम उपग्रह, संगणक आणि शेकडो शास्त्रज्ञांचं. आपल्या अंगणातल्या पावसाचं काम उपग्रहाला जमत नाही.

आता कुणी म्हणेल, महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळागणिक बसली आहेत, राज्यात दोन हजारांहून जास्त. मग डबे कशाला? तर हिशेब बघा. मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी. पंचनामा, भरपाई, सगळं त्या आकड्याशी बांधलेलं. एका मंडळात दहा-पंधरा गावं, मध्ये एक यंत्र. आणि आपला परतीचा पाऊस कसा पडतो? वेशीच्या अलीकडे धो धो, पलीकडे धूळ. विजांचा, तुकड्यातुकड्यांचा. यंत्राच्या गावात 60 आणि ओढ्यापलीकडच्या गावात 100 असं होऊ शकतं, आणि ओढ्यापलीकडच्याकडे दाखवायला रोजची वही नसेल तर त्याचे 100 म्हणजे नुसती ओरड. एका पावसाळ्यानंतर अशाच एका गावात मी बैठकीला गेलो होतो. प्रत्येक जण म्हणत होता, असा पाऊस आयुष्यात बघितला नाही. एकानंही तो मोजला नव्हता.

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स गावात 28 जुलै 1997 ला असंच झालं. गावाच्या एका टोकाला दोन इंच, दुसऱ्या टोकाला दहा इंचांच्या वर. पाच माणसं गेली. कुठं किती पडला हे नंतर लोकांच्या बादल्या-डब्यांवरून जुळवावं लागलं. दुसऱ्या वर्षी तिथल्या विद्यापीठानं घरोघरी पाऊस मोजणाऱ्यांचं जाळं उभं केलं, ते आज देशभर पसरलं आहे. त्यांना लोकांना पुन्हा पुन्हा काय सांगावं लागतं माहीत आहे? शून्यही लिहा. हे वाचलं तेव्हा मला गुरुजींचं पान आठवलं.

लांब कशाला जा, हिवरे बाजार आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात. पोपटराव पवारांच्या त्या गावात पाऊस मोजतात आणि किती पडला त्यावर त्या वर्षी कोणतं पीक घ्यायचं हे ग्रामसभेत ठरवतात. तिथं पर्जन्यमापक म्हणजे गावाचं पासबुक. आणि आपल्याच सोलापुरावर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं ढगांत बीजारोपणाचा प्रयोग केला. विमानं, रडार, सगळा लवाजमा. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात बीजारोपण केलेल्या भागात सरासरी 18 टक्के जास्त पाऊस झाल्याचं सांगितलं. हे 18 टक्के कशावरून निघाले? रडार होतंच, पण रडारलाही खात्री लागते ती खाली जमिनीवर ठेवलेल्या पर्जन्यमापकांची. एवढी विमानं उडवून शेवटी डब्यात वाकून बघावं लागलं.

2025 च्या सप्टेंबरात आणखी एक धडा मिळाला. सीनेला असा पूर आला की करमाळा, माढा, मोहोळमधली गावं पाण्यात गेली. त्यातल्या बऱ्याच पाण्याचा पाऊस आपल्याकडे पडलाच नव्हता; तो वर अहिल्यानगर, धाराशिव, बीडकडे पडला होता. आमच्या वह्यांत त्या दिवसांचे आकडे आहेत, पण वरच्या अंगाला आमचं कुणी नव्हतं. हैदराबादेत सोयरे होते, परांड्यात नव्हते. ती उणीव आता भरायची आहे. जामखेड, भूम, परांडा इकडच्या कुणाचे पाहुणे इथं असतील तर मला भेटा.

साहित्याची काळजी करू नका. सरळ भिंतीचा, बुडाला आणि तोंडाला सारखा रुंद असा कोणताही डबा चालतो. त्यात शाळेची पट्टी उभी धरली की मिलिमीटर थेट वाचता येतात. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, एकराला चार हजार लिटर. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. वेळ मात्र एकच, सकाळी साडेआठ, कारण सगळ्या देशात पाऊस त्याच वेळी मोजतात. साडेनऊला उठून अंदाजे लिहायचं असेल तर लिहूच नका. गावाला गेलात तर जागा मोकळी सोडा, मागाहून शून्य भरू नका.

गुरुजींची शेवटची नोंद त्यांच्या हातची नाही. त्या सकाळी त्यांना दवाखान्यात नेलं होतं. त्यांच्या सूनबाईंनी साडेआठला डबा उघडला, बघितला आणि तारखेपुढं शून्य लिहिलं. त्या वह्या व्याख्यानमालेकडे आहेत, ज्यांना बघायच्या त्यांनी सांगावं.

दारापाशी आखलेल्या नव्या वह्या ठेवल्या आहेत. माणशी एकच घ्या, मोजक्याच आहेत. पहिली नोंद उद्या सकाळी साडेआठची.